एक गोळी, अठरा केंद्रं: दक्षिण आफ्रिकेच्या एड्स-धोरणाचं प्रकरण

प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापीनची एक गोळी द्यायची. बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याच औषधाचा एक छोटा डोस त्याला पाजायचा. उपचार एवढाच. युगांडात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये बाहेर आले, तेव्हा एझेडटी या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधाच्या छोट्या कोर्सच्या तुलनेतही या उपचाराने आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसली. पुढच्याच वर्षी, जुलै २००० मध्ये, बोरिंगर इंगेलहाइम या उत्पादक कंपनीने विकसनशील देशांना हे औषध पाच वर्षं फुकट द्यायची तयारी जाहीर केली.

दक्षिण आफ्रिकेला त्याची किती गरज होती? सरकारी दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १९९० मध्ये एक टक्क्याहून कमी होतं. २००० मध्ये ते २४.५ टक्के झालं होतं. म्हणजे दर चार गरोदर बायकांमागे जवळजवळ एक. आणि तरी सरकारने ठरवलं की नऊ प्रांतांत प्रत्येकी दोन अशी अठरा केंद्रंच हे औषध देतील. तिथे अभ्यास होईल, मग पुढचं बघू. या अठरा ठिकाणांबाहेरच्या सरकारी डॉक्टरला, समोर कळा देणारी बाई असताना, औषध फुकट मिळत असताना, ते लिहून द्यायची परवानगी नव्हती.

राजकारणी पर्यायी उपचारांच्या मागे का जातात, त्यांची विज्ञानाची समज किती असते, अशा चर्चेत आपण बहुतेक वेळा शिक्षणाकडे बोट दाखवतो. पुढारी शिकलेले नसतात, म्हणून भुलतात, असं म्हणून मोकळे होतो. मी हे प्रकरण निवडलं ते याच समजुतीसाठी. इथले राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर होते, अफाट वाचणारे, भाषणं स्वतः लिहिणारे. आरोग्यमंत्री मांटो शबालाला-म्सिमांग या लेनिनग्राडमध्ये शिकलेल्या डॉक्टर होत्या. दोघांनीही वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या लढ्यात उमेदीची वर्षं देशाबाहेर काढलेली. आपल्या लोकांचं वाईट व्हावं असं दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं, हे मी मनापासून मानतो. मग हे घडलं कसं?

आधीचा धडा, जो कुणी घेतला नाही

गोष्ट म्बेकी राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधीपासून सुरू होते. जानेवारी १९९७ मध्ये प्रिटोरियातले काही संशोधक थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीत आले. व्हायरोडीन नावाचं औषध आपण शोधलंय आणि ते एड्सवर चालतं, असा त्यांचा दावा होता. सोबत रुग्णही आणले होते. बरं वाटतंय, वजन वाढलंय, असं रुग्णांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मंत्रिमंडळाने टाळ्या वाजवल्या.

व्हायरोडीनमधलं द्रव्य होतं डायमिथाइल फॉर्मामाइड. कारखान्यांत वापरलं जाणारं द्रावक, यकृताला घातक. माणसांवरच्या वापराला आवश्यक ती नैतिक मंजुरीही संशोधकांनी घेतलेली नव्हती. देशाच्या औषध नियंत्रण परिषदेने चाचण्यांना परवानगी नाकारली आणि नाकारत राहिली. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेले म्बेकी जाहीरपणे संशोधकांच्या बाजूने उभे राहिले, मरणाऱ्या माणसांना दिलासा नाकारला जातोय, असं त्यांनी लिहिलं. १९९८ मध्ये परिषदेचे अध्यक्ष पीटर फोल्ब यांना जावं लागलं.

पुढे जे घडलं त्याचा सगळा आराखडा मला इथेच दिसतो. औषध चांगलं की वाईट हे ठरवण्यासाठी एक संस्था आहे, तिची एक पद्धत आहे. त्या पद्धतीला वळसा घालून कुणीतरी थेट सत्तेच्या दालनात शिरतं. तिथे आकडे चालत नाहीत, चेहरे चालतात. वजन वाढलेला रुग्ण समोर उभा असतो. वजन न वाढलेले, मधेच मेलेले रुग्ण तिथे आणलेच जात नाहीत. तुलनेचा गट, म्हणजे ते औषध न दिलेले तसेच रुग्ण, का लागतो, हे समजायला विषाणूशास्त्र शिकावं लागत नाही. पण मंत्रिमंडळातल्या कुणी त्या दिवशी तो प्रश्न विचारून बैठक थांबवली नाही.

वाचन आणि पडताळणी

जून १९९९ मध्ये म्बेकी राष्ट्राध्यक्ष झाले. २८ ऑक्टोबरला संसदेच्या वरच्या सभागृहात बोलताना त्यांनी एझेडटीचा विषय काढला. हे औषध विषारी असून आरोग्याला धोकादायक आहे असं सांगणारं भरपूर वैज्ञानिक साहित्य उपलब्ध आहे, असं ते म्हणाले. आरोग्यमंत्र्यांना त्यांनी यात लक्ष घालायला सांगितलं आणि सदस्यांना सुचवलं की इंटरनेटवर हे प्रचंड साहित्य आहे, ते वाचा.

एझेडटी विषारी आहे का? प्रश्न अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच तो घातक ठरला. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा हे औषध मोठ्या मात्रेत दिलं जाई आणि रुग्णांना रक्तक्षय होत असे. त्या काळातल्या तक्रारी खऱ्या होत्या. पुढे मात्रा कमी झाली. १९९४ मध्ये अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीत गरोदरपणी एझेडटी घेतल्याने बाळाला होणारी लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत रुळली आणि श्रीमंत देशांतले एड्सचे वॉर्ड रिकामे होऊ लागले. जुन्या तक्रारी इंटरनेटवर तशाच पडून होत्या, नव्या चाचण्यांच्या शेजारी, त्याच अक्षरांत, त्याच पडद्यावर. कोणती गोष्ट केव्हाची, कुणी पडताळलेली, कशाने मागे पडलेली, हे पडदा सांगत नाही. ते सांगायला त्या विषयात वर्षं घालवलेलं माणूस लागतं. म्बेकींच्या हाताशी अशी माणसं होती. देशातच होती. पण स्वतः वाचलं म्हणजे पडताळलं, असा त्यांचा समज झाला. हुशार माणसाला हा समज फार लवकर होतो.

या वाचनातून ते पोचले पीटर ड्यूसबर्ग यांच्यापर्यंत. ड्यूसबर्ग हे बर्कलीचे प्राध्यापक, कर्करोगाच्या जनुकांवर त्यांनी १९७० च्या दशकात मोलाचं काम केलेलं, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य. १९८७ पासून ते सांगत होते की एचआयव्ही निरुपद्रवी आहे, एड्स होतो तो नशेच्या पदार्थांमुळे, आणि पुढे, खुद्द एझेडटीमुळे. म्हणजे बिरुदं होती, पदक-पदव्या होत्या. एकटा माणूस सगळ्यांच्या विरुद्ध उभा आहे, हे चित्रही होतं. वर्णद्वेषी सत्तेने ज्याला दहशतवादी ठरवलं अशा चळवळीच्या नेत्याला ते चित्र ओळखीचं वाटलं असणार. ३ एप्रिल २००० रोजी म्बेकींनी बिल क्लिंटन, कोफी अन्नान आणि इतर नेत्यांना पत्र लिहिलं. वेगळं मत मांडणाऱ्या शास्त्रज्ञांना आज जी वागणूक मिळते ती पूर्वी पाखंड्यांना जाळलं जाई तशी आहे, वर्णद्वेषी राजवटही विरोधकांशी अशीच वागायची, असं त्यात होतं. पश्चिमेची नक्कल नको, आफ्रिकेच्या संकटाला आफ्रिकेचं उत्तर हवं, हेही होतं.

त्यांचा दुसरा मुद्दा गरिबीचा. जुलै २००० मध्ये डर्बनला तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की जगातला सर्वांत मोठा मारेकरी म्हणजे कमालीचं दारिद्र्य, सगळा दोष एकट्या विषाणूवर टाकता येणार नाही. सप्टेंबरमध्ये संसदेत ते याहून पुढे गेले: विषाणू लक्षणसमूहाला (एड्समधला ‘एस’ म्हणजे सिंड्रोम, लक्षणसमूह) कारण कसा होईल, असा त्यांचा सवाल होता.

गरिबीचा मुद्दा ऐकताना मान डोलतेच. उपासमारीने शरीराची प्रतिकारशक्ती घटते, क्षयरोग बळावतो, हे खरंच आहे. गोऱ्या सत्तेने कृष्णवर्णीयांना ज्या वस्त्यांत आणि खाणींच्या बराकींत कोंबलं, तिथे साथ वणव्यासारखी का पसरली, हे समजून घेताना दारिद्र्याला बाजूला ठेवता येत नाही. पण ‘साथ का पसरली’ आणि ‘शरीरात नेमकं काय बिघडलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा छापून येऊन पाच वर्षं झाली होती.

ते उत्तर ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या रुग्णांकडून आलं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित हाती लागतो. हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त नीट गोठत नाही, म्हणून त्यांना त्या काळी दात्यांच्या रक्तापासून केलेला, रक्त गोठवणारा घटक टोचावा लागे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातला काही साठा एचआयव्हीने दूषित होता. कुणाला दूषित कुपी मिळाली, कुणाला शुद्ध. आजार तोच, देश तोच, इस्पितळं तीच, नशेचा संबंध नाही, उपासमारीचा नाही. तीव्र हिमोफिलिया असलेल्यांमध्ये १९८४ पर्यंत वर्षाला हजारी आठ मृत्यू होत होते. पुढच्या वर्षांत, ज्यांना लागण झाली नव्हती त्यांच्यात हा आकडा आठवरच राहिला. ज्यांना झाली होती त्यांच्यात तो १९९१-९२ पर्यंत ८१ वर पोचला. दोन्ही गटांत फरक एकच, विषाणूचा.

राष्ट्राध्यक्षांच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर होतं. ते १९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं होतं. प्रश्न विचारणं हा त्यांचा गुन्हा होता असं मला वाटत नाही. उत्तर मिळाल्यावरही प्रश्न चालू ठेवणं, आणि तो चालू आहे तोवर औषध रोखून धरणं, इथे माझा आक्षेप आहे.

समिती

मे २००० मध्ये प्रिटोरियात राष्ट्राध्यक्षांच्या एड्सविषयक सल्लागार समितीची पहिली बैठक झाली. तीसेक सदस्य, त्यात ड्यूसबर्ग आणि त्यांच्या मताचे बरेच जण. उरलेले मुख्य प्रवाहातले संशोधक. जगभरातले पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञ आणि डॉक्टर डर्बन परिषदेच्या तोंडावर पुढे आले आणि एचआयव्हीमुळेच एड्स होतो याचा पुरावा निर्विवाद आहे, असं निवेदन त्यांनी सह्या करून प्रसिद्ध केलं. त्याचा सरकारवर परिणाम झाला नाही.

समितीचा अहवाल २००१ मध्ये आला. त्यात दोन्ही बाजूंच्या शिफारशी शेजारी शेजारी छापल्या होत्या. एका बाजूला औषधोपचार, मातांना औषध, चाचण्या. दुसऱ्या बाजूला एचआयव्हीच्या तपासण्याच बंद करा, आणि रुग्णांसाठी मालिश, संगीत, योग, होमिओपॅथी, आयुर्वेद, प्रकाशोपचार अशी यादी. वाचणाऱ्याला वाटावं की विज्ञानात दोन तुल्यबळ पक्ष आहेत आणि निकाल बाकी आहे. संसदीय सवयीचा माणूस सत्य असंच शोधतो: दोन बाजू बसवा, दोघांना सारखा वेळ द्या. सभागृहात हे योग्यच आहे, कारण तिथे मतं मोजायची असतात, हितसंबंधांची तडजोड करायची असते. पण एका बाजूला हजारो अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला मूठभर माणसं असताना दोघांना एकेक खुर्ची दिली, की ती मांडणी स्वतःच खोटं बोलते. माझ्या मते म्बेकींची विज्ञानाची समज इथे सर्वांत उघडी पडते. एखादी रासायनिक संज्ञा चुकली तर दुरुस्त करता येते. पुरावा कसा साचत जातो आणि वाद कधी मिटतो, हेच कळलं नाही, तर काहीच दुरुस्त होत नाही.

डर्बनच्या त्याच परिषदेत एन्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा व्यासपीठावर आला होता. जन्मतःच एचआयव्ही असलेला, अंगावर मोठा होणारा सूट. गरोदर आयांना सरकारने एझेडटी द्यावं, म्हणजे विषाणू बाळांकडे जाणार नाही, असं तो हजारो लोकांसमोर म्हणाला. १ जून २००१ रोजी तो गेला.

लसूण, बीट, लिंबू

आता पर्यायी उपचारांकडे. क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी औषधावर संशय आला, औषध अडलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लसूण आला. माणूस मरत असेल तर सरकारला त्याला काहीतरी सांगावंच लागतं.

आरोग्यमंत्री सांगू लागल्या की लसूण, लिंबू, बीट, ऑलिव्ह तेल आणि ‘आफ्रिकन बटाटा’ म्हणून ओळखला जाणारा कंद खा, यानेही एड्सशी लढता येतं. एआरव्ही, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम त्या प्रत्येक वेळी अधोरेखित करत. लोकांना निवडीचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांचं म्हणणं असे. डॉक्टर असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होतं. मंत्री म्हणते, शिवाय डॉक्टर आहे, मग रुग्णाने अविश्वास का दाखवावा?

चांगला आहार हवाच. औषध मागणारे कार्यकर्तेही तेच म्हणत होते. पण आहार औषधाच्या जागी बसवला, की रुग्णाच्या हातून वेळ निघून जातो. आणि ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही खरं नव्हतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना लसणाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा सक्विनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलं. आफ्रिकन बटाट्याचा अर्क यकृतातल्या ज्या विकरांमुळे ही औषधं पचतात त्यांच्यात ढवळाढवळ करतो, हे प्रयोगशाळेत दिसलं. औषध कमी पडलं की विषाणूला त्याच्याविरुद्ध प्रतिकार कमावायला संधी मिळते. ही माहिती मंत्रालयात पोचणं अवघड नव्हतं.

पारंपरिक उपचारांचा मुद्दाही यात ओढला गेला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. सांगोमा आणि इन्यांगा म्हणजे तिथले परंपरागत उपचारक. असंख्य माणसं आधी त्यांच्याकडे जातात. वसाहतकाळात त्यांना जादूटोणा करणारे म्हणून हिणवलं गेलं. त्यांना मान देणं, त्यांच्या वनस्पती तपासणं, त्यांच्यामार्फत रुग्णांना वेळेवर दवाखान्यात आणणं, हे सगळं करण्यासारखं होतं. पण मंत्र्यांनी २००८ मध्ये भूमिका घेतली ती अशी की पारंपरिक औषधं चाचण्यांच्या जंजाळात अडकवू नयेत. याचा अर्थ, त्या औषधांत जे खरंच उपयोगी असेल ते कधीच सिद्ध होणार नाही. निरुपयोगी जे असेल तेही बाजूला पडणार नाही. हा परंपरेचा सन्मान आहे असं मला वाटत नाही.

फायदा उठवणारे आलेच. जर्मनीचे डॉ. माथियास राथ जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा मोठा व्यवसाय चालवत. केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत त्यांच्या संस्थेने त्या वाटायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या: एआरव्ही विष आहे, जीवनसत्त्वं एड्स रोखतात. टांझानियात हार्वर्डच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासाचा त्यांनी आधार घेतला. त्या संशोधकांनी लगेच खुलासा केला की आमच्या निष्कर्षांचा हा विपर्यास आहे, जीवनसत्त्वं औषधाला पर्याय नाहीत. राथ यांच्या कामात डेव्हिड रास्निक सामील होते. हे तेच, जे राष्ट्राध्यक्षांच्या समितीचे सदस्य होते. मंत्र्यांना संसदेत विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी राथ यांच्यापासून अंतर राखायला नकार दिला. जीवनसत्त्वं रुग्णांना विषारी आहेत असं दाखवून दिलं तरच आपण तसं करू, असा त्यांचा रोख होता. पुराव्याचं ओझं कसं उलटं फिरवलं गेलं ते पाहा. शेकडो चाचण्यांतून गेलेल्या औषधाने वारंवार आपली निर्दोषता सिद्ध करायची, आणि कोणत्याही चाचणीतून न गेलेल्या गोळीला फक्त ती विष नाही एवढंच पुरे. अखेर जून २००८ मध्ये केप उच्च न्यायालयाने राथ यांचे ते प्रयोग बेकायदा ठरवले आणि सरकारने कारवाई करायला हवी होती असं सांगितलं.

ऑगस्ट २००६ मध्ये टोरांटोच्या जागतिक एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दालनात लसूण, बीट आणि लिंबं मांडलेली होती. संयुक्त राष्ट्रांचे आफ्रिकेसाठीचे एड्स-दूत स्टीफन लुइस यांनी समारोपाच्या भाषणात या सरकारच्या वागण्याला चुकीचं, अनैतिक आणि असमर्थनीय म्हटलं. ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी म्बेकींना पत्र लिहून मंत्र्यांना दूर करण्याची मागणी केली. दूर झाल्या त्या वेगळ्याच बाई. उपआरोग्यमंत्री नोझिझ्वे मादलाला-रूटलेज, ज्या उपचारांच्या बाजूने उघड बोलत होत्या, त्यांना ऑगस्ट २००७ मध्ये पदावरून काढलं गेलं.

मार्च २००७ मध्ये शबालाला-म्सिमांग यांच्यावर यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या पावणेतीन वर्षं जगल्या. प्रत्यारोपित अवयव टिकवायला रोज घ्यावी लागणारी औषधं कडक असतात, त्यांचे दुष्परिणामही गंभीर असतात, आणि ती घ्यायची असतात कारण न घेण्याचा परिणाम त्याहून वाईट असतो. प्रत्येक एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत हाच हिशेब होता.

न्यायालयाने काय विचारलं

ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना १० डिसेंबर १९९८ रोजी सुरू झाली. तिचे नेते झॅकी अख्मत स्वतः एचआयव्हीबाधित. सरकारी दवाखान्यांत औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि वर्षानुवर्षं पाळलं. औषधं महाग आहेत ही सरकारची अडचण एके काळी खरी होती, आणि या संघटनेने त्या लढाईत सरकारचीच साथ दिली. स्वस्त औषधांना वाट देणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, त्यांनी एप्रिल २००१ मध्ये माघार घेतली. त्याआधी दोनच महिने मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा संच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला ३५० डॉलरला देऊ केला होता. पूर्वी त्यालाच दहा हजार डॉलरहून अधिक पडत. म्हणजे किमतीचं कारण एकेक पायरी खाली येत होतं. आईच्या गोळीला तर किंमतच उरली नव्हती.

ऑगस्ट २००१ मध्ये संघटना कोर्टात गेली. डिसेंबरमध्ये प्रिटोरिया उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, सरकारने अपील केलं, आणि ५ जुलै २००२ रोजी घटनात्मक न्यायालयाने अठरा केंद्रांची मर्यादा घटनेतल्या आरोग्यसेवेच्या हक्काशी विसंगत ठरवली.

मला या निकालातला मार्ग शिकण्यासारखा वाटतो. एड्स कशामुळे होतो यावर न्यायाधीशांनी स्वतः इंटरनेट चाळलं नाही. देशाच्या औषध नियंत्रण परिषदेने या वापरासाठी नेव्हिरापीनची नोंदणी केली आहे का? केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे का? आहे. अठरा केंद्रांत ते सुरक्षित म्हणून दिलं जातंय का? जातंय. मग एकोणिसाव्या ठिकाणी, जिथे तपासणीची आणि समुपदेशनाची सोय आहे, तिथे ते का नाकारायचं? कायद्याच्या माणसांना विषाणूशास्त्र येत नव्हतं. पण कुणाच्या तपासणीवर विसंबायचं आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे त्यांना ठाऊक होतं.

तोवर एकेक प्रांत फुटू लागले होते. वेस्टर्न केपने आधीच वेगळी वाट धरली होती, क्वाझुलू-नाताल त्या मार्गाने निघालं, आणि सत्ताधारी पक्षाच्याच हातातल्या गाउटेंगनेही २००२ च्या सुरुवातीला कार्यक्रम वाढवायचं ठरवलं. नेल्सन मंडेला डिसेंबर २००२ मध्ये खायेलित्शात ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं लिहिलेला टीशर्ट घालून उभे राहिले. ऑगस्ट २००३ मध्ये मंत्रिमंडळाने सार्वत्रिक एआरव्ही उपचारांचा आराखडा करायला सांगितलं, २००४ मध्ये वाटप सुरू झालं, पण संथ.

शेजारचा देश

सीमेपलीकडे बोट्सवानात फेस्टस मोगाए राष्ट्राध्यक्ष होते. तेही अर्थतज्ज्ञ, ऑक्सफर्ड आणि ससेक्सला शिकलेले. त्यांच्या देशात साथ आणखी भीषण होती. आपलं राष्ट्रच नामशेष होण्याच्या धोक्यात आहे, असं ते जाहीरपणे म्हणाले आणि जानेवारी २००२ पासून सरकारी एआरव्ही कार्यक्रम सुरू केला. बोट्सवाना छोटा आहे, त्याच्याकडे हिऱ्यांचा पैसा आहे, बाहेरून मोठी मदतही मिळाली, हे मान्य करायलाच हवं. पण शेजारच्या नामिबियाकडे तसा पैसा नव्हता. २००५ मध्ये गरजूंपैकी औषध मिळणाऱ्यांचं प्रमाण बोट्सवानात ८५ टक्के, नामिबियात ७१ टक्के आणि या तिघांत सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या दक्षिण आफ्रिकेत २३ टक्के होतं.

या फरकावरूनच हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. दक्षिण आफ्रिकेला २००० ते २००५ या काळात जे सहज जमलं असतं आणि प्रत्यक्षात जे झालं, त्यातली तफावत त्यांनी मोजली, तीही हात राखून: २००० मध्ये पाच टक्के रुग्णांना औषध आणि २००५ पर्यंत पन्नास टक्क्यांना, एवढंच शक्य होतं असं धरून. तरी उत्तर आलं ३,३०,००० हून अधिक मृत्यू. आणि ३५,००० बाळं, ज्यांना लागण टळली असती.

मोगाएंना म्बेकींपेक्षा विषाणू जास्त कळत होते असं मानायला मला काहीही आधार दिसत नाही. पदवी एकाच विषयाची, विद्यापीठही एकच. एकाने या विषयात आपल्याला काय येत नाही ते ओळखून जाणकारांच्या हाती काम दिलं. दुसऱ्याला वाटलं की या एका बाबतीत जाणकारांनाही आपणच तपासू शकतो.

सप्टेंबर २००८ मध्ये पक्षांतर्गत संघर्षात म्बेकींना पद सोडावं लागलं. नव्या आरोग्यमंत्री बार्बरा होगन डॉक्टर नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये केपटाउनला एड्स लसीवरच्या परिषदेत त्यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो हे आपल्याला माहीत आहे, असं साधं वाक्य उच्चारलं. ती बातमी जगभर छापून आली. त्यानंतर कार्यक्रम वेगाने वाढला आणि आज जगातला सर्वांत मोठा एआरव्ही कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेचाच आहे.

मार्च २०१६ मध्ये म्बेकींनी या विषयावर पुन्हा लिहिलं. एचआयव्हीमुळे एड्स होत नाही असं आपण कधीच म्हटलं नव्हतं, विषाणू लक्षणसमूहाला कारण होऊ शकत नाही एवढंच म्हटलं होतं, असा त्यांचा खुलासा होता. त्या ३५,००० बाळांपैकी जी जगली, ती तेव्हा दहा ते सोळा वर्षांची झाली होती, आणि दररोज ठरल्या वेळी आपल्या एआरव्ही गोळ्या घेत होती.